मेंदूतली गाठ आणि दोन्हीकडची वंशावळ

भोकर तालुक्यातल्या एखाद्या घरात चाळिशी-पन्नाशीच्या कर्त्या माणसाला अचानक फिट येते, नांदेडला एमआरआय होतो आणि रिपोर्टात ‘ग्लायोमा’ असे लिहून येते. मग नंदीग्राम एक्स्प्रेसने मुंबई गाठायची की जवळचे हैदराबाद, यावर भावकीत खल सुरू होतो. त्याच वेळी घरात दोन प्रश्न उभे राहतात. माणूस वाचेल का, हा पहिला प्रश्न डॉक्टरांना उघडपणे विचारला जातो. दुसरा प्रश्न दबक्या आवाजात, बहुतेक वेळा आपसातच फिरतो: हे पोरांना तर होणार नाही ना? या दुसऱ्या प्रश्नावर धाकट्या भावाची झोप उडते, पुतणीची सोयरीक अडते, गावात ‘त्यांच्या घराण्यातच आहे’ अशी कुजबुज सुरू होते. हे प्रकरण त्या प्रश्नाविषयी आहे. त्याचे उत्तर आधीच सांगून टाकतो: प्रौढ वयात होणारा मेंदूचा कर्करोग जनुकांत बिघाड झाल्याशिवाय होत नाही, पण हा बिघाड बहुतेक रुग्णांना आईबापांकडून मिळालेला नसतो. ज्या थोड्या घरांत तो खरोखर पिढीजात असतो, त्यांतली बरीच घरे महागड्या तपासणीच्या आधी नीट विचारपूस केली तरी ओळखू येतात. आपल्याकडे भीती सगळ्यांना वाटते आणि विचारपूस मात्र कुणाचीच होत नाही.

घराण्याला दोष देण्याआधी एक गोष्ट तपासावी लागते: पूर्वीच्या पिढीत जी ‘डोक्यात गाठ’ होती, ती मेंदूच्या कर्करोगाचीच होती का? आपल्या भागात फिट येणाऱ्या माणसाच्या मेंदूत दिसणारी गाठ क्षयाची असू शकते. डुकरातून पसरणाऱ्या पट्टकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यातून पोटात गेल्याने मेंदूत झालेली पुटीही असू शकते. या दोन्ही आजारांवर औषधे आहेत आणि त्यांचा वारशाशी संबंध नाही. फुप्फुस, स्तन किंवा अन्य अवयवांत सुरू झालेला कर्करोग पसरून मेंदूत गेला तरी गाठच दिसते, आणि प्रौढांत अशा पसरलेल्या गाठी मेंदूतच सुरू झालेल्या कर्करोगापेक्षा जास्त आढळतात. मेंदूच्या आवरणातून वाढणारा मेनिन्जिओमा तर बहुतेक वेळा कर्करोग नसतोच. ज्याला खऱ्या अर्थाने मेंदूचा कर्करोग म्हणावे तो प्रौढांत मुख्यतः ग्लायोमा असतो, म्हणजे मज्जापेशींना आधार देणाऱ्या ग्लायल पेशींसारख्या पेशींचा. त्यातला सर्वांत आक्रमक प्रकार ग्लायोब्लास्टोमा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०१८च्या अंदाजानुसार भारतात मेंदू व मज्जासंस्थेच्या कर्करोगाचे वर्षाला सुमारे २८ हजार नवे रुग्ण आढळतात. देशाच्या लोकसंख्येच्या मानाने हा दुर्मीळ आजार आहे. तेव्हा आजोबांना गाठ होती आणि नातवालाही गाठ आहे, एवढ्यावरून वारसा सिद्ध होत नाही. एका घरातल्या दोन गाठी दोन वेगळ्या आजारांच्या असू शकतात.

आता आक्षेप असा येईल की कर्करोग जर जनुकांचा आजार, तर तो पिढीजात कसा नाही? बिघाड कधी आणि कुठे झाला, यावर याचे उत्तर अवलंबून आहे. सदोष बियाणे पेरले तर शेतातल्या प्रत्येक झाडात तो दोष येतो. चांगल्या बियाण्याच्या उभ्या पिकात एका झाडाला रोग लागला, तर त्याचा दोष बियाण्याला देता येत नाही. आईबापांकडून आलेला बिघाड शरीराच्या प्रत्येक पेशीत असतो, बीजपेशींतही असतो, म्हणून तो पुढच्या पिढीत जाऊ शकतो. ग्लायोमात सापडणारे बहुतेक बिघाड मात्र माणूस जन्मल्यावर, मेंदूच्या एखाद्या पेशीत घडलेले असतात. २००८ साली ग्लायोब्लास्टोमाच्या गाठींतली हजारो जनुके वाचली गेली, तेव्हा काही गाठींत आयडीएच-१ नावाच्या जनुकातला एक ठरावीक बदल आढळला. पुढे कमी आक्रमक ग्लायोमांपैकी बहुतेकांत तो सापडला आणि आज जागतिक आरोग्य संघटनेचे मेंदूच्या गाठींचे वर्गीकरण बऱ्याच अंशी त्यावर उभे आहे. पण हा बदल गाठीत असतो. त्याच माणसाच्या रक्तात तो वारशाने आलेला म्हणून सापडत नाही. २०१८ साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी आणखी एक दुवा दाखवला. मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला मूलपेशी असतात. ग्लायोब्लास्टोमाच्या बऱ्याच रुग्णांत या पेशींमध्ये गाठीतलेच काही बिघाड आधीपासून होते आणि गाठ मात्र तिथून दूर उगवली होती. बिघाडाची सुरुवात कुठे होते याचा हा पुरावा त्या माणसाच्या मेंदूतच आहे, त्याच्या खापरपणज्यात नाही.

म्हणूनच रुग्णाच्या हातात पडणारे दोन प्रकारचे कागद वेगळे ठेवले पाहिजेत. शस्त्रक्रियेत काढलेल्या तुकड्याची जनुकीय तपासणी उपचार ठरवण्यासाठी असते. आयडीएच बदललेले आहे का, पहिल्या आणि एकोणिसाव्या गुणसूत्रांचे ठरावीक भाग गळाले आहेत का, एमजीएमटी जनुक झाकले गेले आहे का, हे त्यातून कळते आणि टेमोझोलोमाइडसारख्या औषधाचा किती उपयोग होईल याचा अंदाज येतो. आयडीएच बदललेल्या काही गाठींसाठी वोरासिडेनिब हे खास औषध २०२४ साली अमेरिकेत मंजूर झाले. या तुकड्याच्या रिपोर्टात ‘म्युटेशन’ हा शब्द दिसला म्हणून पोरांना धोका आहे असे समजणे चूक आहे. पोरांबद्दल काही सांगू शकते ती रक्ताची किंवा लाळेची तपासणी, आणि ती सगळ्यांसाठी नसते.

मग पिढीजात प्रकार किती आणि कोणते? ग्लायोमाच्या रुग्णांपैकी साधारण पाच टक्क्यांच्या आसपास लोकांच्या जवळच्या नात्यात ग्लायोमा आढळतो, आणि एकाच जनुकातल्या ठळक वंशागत दोषामुळे झालेले रुग्ण त्याहूनही कमी. १९६९ साली अमेरिकेत फ्रेडरिक ली आणि जोसेफ फ्राउमेनी यांनी काही कुटुंबांची नोंद केली. त्यांत तरुणपणी स्तनाचा कर्करोग, मुलांत स्नायूंचा व हाडांचा कर्करोग आणि मेंदूच्या गाठी एकाच घरात दिसत होत्या. यामागे टीपी-५३ या रक्षक जनुकातला वारशाने आलेला दोष आहे हे १९९०मध्ये कळले. १९५९ साली कॅनडातील डॉक्टर जॅक टुर्को यांनी मोठ्या आतड्यात असंख्य कोंब आणि मेंदूत गाठ असलेल्या भावंडांचे वर्णन केले होते. १९९५मध्ये उलगडले की त्यामागे दोन वेगळे वंशदोष असतात: एक एपीसी जनुकातला, आणि दुसरा डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांतला. हा दुसरा दोष असलेल्या घरांत आतड्याचा आणि गर्भाशयाचा कर्करोग जास्त दिसतो आणि क्वचित ग्लायोमाही होतो. न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या पहिल्या प्रकारात अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डाग आणि मऊ गाठी असतात. हा सुमारे तीन हजारांत एकाला असतो आणि त्यात ग्लायोमाची शक्यता वाढते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही कानांच्या नसांवर गाठी वाढून तरुणपणीच ऐकू येणे कमी होते, शिवाय मेनिन्जिओमाही होतात. ट्युबरस स्क्लेरोसिस आणि फॉन हिपेल-लिंडाउ हे आणखी दोन. २०१५च्या सुमारास पीओटी-१ या गुणसूत्रांची टोके सांभाळणाऱ्या जनुकातले दोषही काही ग्लायोमा-घराण्यांत सापडले.

असा दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो मुलात येण्याची शक्यता निम्मी असते, मुलगा असो की मुलगी. पण दोष येणे म्हणजे कर्करोग होणे नव्हे. आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ साली मुलांच्या डोळ्याच्या कर्करोगावरून मांडले की अशा जनुकाच्या दोन प्रती असतात. वारशाने एक बिघडलेली आली तरी दुसरी शाबूत असते, आणि तीही बिघडेल तेव्हा पेशी बेताल होते. यातून दोन गोष्टी समजतात. वारसा असलेल्या घरांत कर्करोग लवकरच्या वयात आणि कधी एकाहून जास्त ठिकाणी होतो. आणि दोष असूनही काहींना मेंदूची गाठ कधीच होत नाही. याला एक जोडगोष्ट आहे: न्यूरोफायब्रोमॅटोसिसच्या जवळपास निम्म्या रुग्णांत दोष नव्यानेच उद्भवलेला असतो, आईबापांत तो नसतो. म्हणजे ‘आमच्यात कुणालाच नव्हते’ हे वाक्यही वारशाची शक्यता पूर्ण मिटवत नाही. त्या रुग्णापासून पुढे मात्र तो वारसा होतो.

इथपर्यंतच्या युक्तिवादावर सर्वांत भारी आक्षेप संख्याशास्त्राचा आहे. ठळक वंशदोष थोडे असले तरी ग्लायोमाची आनुवंशिकता एकूण सुमारे एक चतुर्थांश आहे, असा अंदाज २०१५च्या एका अभ्यासात मांडला गेला. मग पाच टक्के म्हणून हे दुर्लक्षित कसे करायचे? पण हा चतुर्थांश चारातल्या एका रुग्णाला आजार वारशाने मिळाला असे सांगत नाही. लोकसंख्येत माणसामाणसांच्या धोक्यात जो फरक आहे, त्यातला किती भाग जनुकांतल्या साध्या फरकांनी समजावता येतो, एवढेच तो सांगतो. आणि तो भाग असंख्य बारीक फरकांत विखुरलेला आहे. २००९पासून हजारो रुग्ण आणि निरोगी लोकांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले. २०१७च्या मोठ्या अभ्यासात बारा हजारांहून अधिक रुग्ण होते आणि धोक्याशी जोडलेल्या ज्ञात जागांची संख्या पंचवीसवर गेली. यांतले बहुतेक फरक धोका थोडासाच वाढवतात. आठव्या गुणसूत्रावरचा एक फरक अपवाद आहे; त्याने आयडीएच बदललेल्या गाठीचा धोका सुमारे सहापट होतो. पण सहापट कशाच्या, हे विचारले पाहिजे. अशा गाठी मुळात वर्षाला लाखात एखाद्या माणसाला होतात; सहापट झाल्या तरी लाखातले ९९,९९४ जण त्या वर्षी सुटतात. जवळच्या नातेवाइकाला ग्लायोमा असेल तर धोका साधारण दुप्पट होतो, त्याचाही हिशेब तसाच. अमेरिकेत ग्लायोमाचे प्रमाण वर्षाला लाखात सहाच्या आसपास आहे. त्याची दुप्पट बारा. दुप्पट हा आकडा ऐकायला भयंकर आहे, पण त्यावर कुणाचे लग्न मोडावे असे त्यात काही नाही.

दुसरा आक्षेप रास्त आहे: हे सगळे आकडे युरोपीय वंशाच्या लोकांचे आहेत, मराठवाड्यातल्या माणसाला ते कसे लावायचे? आपल्याकडची समाजरचना वेगळी आहे. जातीतच लग्न करण्याची शेकडो वर्षांची चाल असल्याने अनेक समाजगट मोजक्या पूर्वजांपासून वाढले आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या सहभागाने २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या २६३ गटांपैकी ८१ गटांत याची तीव्र खूण आढळली. नांदेडकडे ज्यांना आपण कोमटी म्हणतो त्या वैश्य समाजातले एक उदाहरण वैद्यकात प्रसिद्ध आहे: भुलीच्या एका औषधाचा निचरा करणारे वितंचक काहींत कमी असते, त्यामुळे स्नायूंची शिथिलता लांबते. असे दोष बहुधा दोन्हीकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच प्रकट होतात. प्रौढांच्या मेंदूच्या कर्करोगाचे जे वंशदोष वर सांगितले, ते मात्र एका प्रतीनेही धोका वाढवतात. त्यांना जातीची किंवा नात्याची गरज लागत नाही. भारतीयांचा स्वतःचा जनुकीय आधार आता तयार होतो आहे. जीनोम इंडिया प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५मध्ये संशोधकांना खुली झाली. त्यातून बारीक फरकांचे आकडे बदलतील. टीपी-५३सारख्या ठळक दोषांचे वागणे मात्र वंश पाहून बदलत नाही.

याच ओघात मामाच्या मुलीचा प्रश्न येतो. मराठवाड्यात नात्यात लग्न करण्याची चाल जुनी आहे, आणि घरात कर्करोग निघाला की अनेकदा दोष त्या लग्नाला दिला जातो. प्रौढांच्या ग्लायोमापुरता हा आरोप टिकत नाही, कारण एकाच बिघडलेल्या प्रतीने धोका वाढवणारा दोष नात्यात लग्न केल्याने नव्याने निर्माण होत नाही. एक अपवाद मात्र गंभीर आहे. डीएनए-दुरुस्तीच्या जनुकांतला दोष नवराबायको दोघांतही असेल, आणि रक्ताच्या नात्यात तशी शक्यता वाढते, तर अपत्यात दोन्ही प्रती बिघडलेल्या येऊ शकतात. अशा मुलांना लहानपणी किंवा तरुणपणी मेंदूचा, रक्ताचा आणि आतड्याचा कर्करोग होतो. अंगावर दुधाळ चहाच्या रंगाचे डागही असतात, त्यामुळे न्यूरोफायब्रोमॅटोसिस समजून फसगत होते. नात्यातल्या आईबापांच्या पोराला लहान वयात मेंदूची गाठ झाली, तर ही शक्यता डॉक्टरांना विचारलीच पाहिजे. या दोषाच्या काही गाठी प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधांना दाद देतात.

मग सरसकट सगळ्यांची रक्ततपासणी का करू नये? खर्च हे एक कारण, पण मुख्य नव्हे. वंशदोषाच्या यादीत असंख्य फरक असे निघतात की ते घातक की निरुपद्रवी हे ठरवता येत नाही, आणि भारतीयांची माहिती कमी असल्याने आपल्याकडे असे अर्धवट निकाल जास्त येतात. निरोगी माणसाच्या हाती असा निकाल देणे म्हणजे त्याला विनाकारण रुग्ण बनवणे. शिवाय स्तनाच्या किंवा आतड्याच्या कर्करोगासारखी मेंदूच्या कर्करोगासाठी सर्वसामान्य लोकांची उपयोगी चाळणी तपासणी नाही. ठळक वंशदोष असलेल्या घरांत मात्र चित्र पालटते. टीपी-५३ दोष असलेल्या लोकांवर नियमित एमआरआय व अन्य तपासण्यांची नजर ठेवली, तर पाच वर्षे जगण्याचे प्रमाण सुमारे ८९ टक्के राहिले; नजर न ठेवलेल्यांत ते ६० टक्के होते, असे २०१६च्या एका अभ्यासात दिसले. या लोकांत किरणोपचारही जपून वापरावे लागतात, कारण किरणांनीच नव्या गाठी होऊ शकतात. आयनीकरण करणारी किरणे हे मेंदूच्या गाठींचे पक्के ठरलेले बाह्य कारण आहे: इस्रायलमध्ये गजकर्णासाठी डोक्यावर किरणे दिलेल्या सुमारे अकरा हजार मुलांच्या पाठपुराव्यात पुढे गाठी वाढलेल्या दिसल्या. मोबाइलबाबत तसा पुरावा नाही. २०११ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तो ‘कदाचित कर्करोगकारक’ गोष्टींच्या यादीत टाकला, पण जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४च्या आढाव्यात मेंदूच्या कर्करोगाशी त्याचा संबंध दिसला नाही.

इथे या प्रकरणाचा खरा मुद्दा येतो. वारसा शोधण्याचा सर्वांत मोठा फायदा मेंदूला होत नाही, आतड्याला, गर्भाशयाला आणि स्तनाला होतो. चुलत्याच्या ग्लायोमामुळे डीएनए-दुरुस्तीचा दोष उघडकीस आला, तर पुतण्याच्या मेंदूसाठी फारसे करता येत नाही. पण त्याच्या मोठ्या आतड्याची ठरावीक काळाने दुर्बिणीतून तपासणी करून कोंब कर्करोग होण्याआधी काढता येतात. बहिणीच्या गर्भाशयाकडे वेळेत लक्ष देता येते. मेंदूची गाठ ही अशा घराने दिलेली खूण असते, आणि ती वाचली तर दुसऱ्याच अवयवाचा मृत्यू टळतो.

ही खूण वाचण्याचे साधन म्हणजे वंशावळ, आणि मराठवाड्याला वंशावळ नवी नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून मराठा-कुणबी दाखल्यांसाठी निजामकालीन नोंदी शोधून गावोगाव वंशावळी लिहिल्या गेल्या. पण दाखल्याची वंशावळ बापाकडून बापाकडे जाते. तीत आजोळ नसते, लग्न होऊन गेलेल्या आत्या आणि बहिणी नसतात. जनुकांना हा भेद ठाऊक नाही. टीपी-५३चा दोष आईच्या आईकडून जितक्या सहज येतो तितक्याच सहज वडिलांच्या वडिलांकडून. दवाखान्याला लागणारी वंशावळ म्हणूनच दोन्हीकडची हवी, तीन पिढ्यांची हवी, आणि तीत मोजक्याच गोष्टी हव्यात: कुणाला कर्करोग झाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी, नात्यात लग्न होते का, अंगावर डाग किंवा गाठी होत्या का. ‘डोक्यात गाठ होती’ एवढ्यावर न थांबता जुन्या पिशवीतला बायोप्सीचा कागद शोधावा.

ग्लायोमा झालेल्या माणसाच्या वंशावळीत वारशाची अशी कोणतीही खूण नसेल, तर पोरांची तपासणी करायची नाही, घाबरायचे नाही आणि कुणाची सोयरीक मोडायची नाही. मात्र दोन जवळच्या नातेवाइकांना सिद्ध झालेला ग्लायोमा असेल, पस्तिशीच्या आत स्तनाचा किंवा पन्नाशीच्या आत आतड्याचा अथवा गर्भाशयाचा कर्करोग त्याच घरात असेल, मुलांत हाडांचा वा स्नायूंचा कर्करोग झाला असेल, अंगावर सहा किंवा अधिक दुधाळ चहाच्या रंगाचे डाग असतील, किंवा तरुणपणी दोन्ही कान गेले असतील, तर टाटा मेमोरियलच्या खारघर येथील ॲक्ट्रेक केंद्रात किंवा हैदराबादच्या निम्स रुग्णालयातील वैद्यकीय आनुवंशिकी विभागात सल्ला घ्यावा, आणि तपासणी आधी रुग्णाची करावी, मग पोरांची. त्यासाठी आज करण्यासारखे काम एकच आहे: घरातली जुनी माणसे आहेत तोवर एका वहीत दोन्हीकडच्या तीन पिढ्या लिहून ठेवा, आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना ती वही बरोबर न्या.